मसुराएवढी मी

मी एक लसिकाग्रंथी बोलतेय. आकाराने मसुराएवढी. जन्म एका सुताराच्या पोटात, मोठ्या आतड्याला लागून असलेल्या चरबीत. आमचं काम पहारेकऱ्याचं. आतड्याकडून येणारा पाझर आमच्यातून गाळून पुढे जातो. त्यात काही परकं दिसलं की धरून ठेवायचं. पगार नाही, रजा नाही.

सुताराला माझी ओळखही नव्हती. शौचातून रक्त जाऊ लागलं तेव्हा त्याने मूळव्याध समजून मलम आणलं. बायको डॉक्टरांकडे चला म्हणून मागे लागली की तो म्हणे, हातातलं कपाट होऊ दे. कपाटामागून पलंग आला, पलंगामागून खिडक्या.

तेवढ्या अवधीत आतड्यात वाढलेल्या कर्करोगाच्या गाठीची एक पेशी पाझरासोबत माझ्याकडे आली. मी तिला धरलं. ती मेली नाही. तिने माझ्यातच बिऱ्हाड थाटलं, आणि बघता बघता घर तिचं झालं, मी भाडेकरू.

अखेर गाठ सापडली, आणि शस्त्रक्रिया झाल्यावर सर्जनने आतड्याच्या तुकड्यासकट आम्हा ग्रंथींना ट्रेमधून बाहेर आणलं. कापून काढलेलं नातेवाइकांना दाखवायची तिथली रीत. बायकोने मान फिरवली. मुलगी मात्र नीट बघत राहिली. गाठ पूर्ण निघाली आहे, पुढचं तपासणीनंतर, असं सर्जन म्हणाले. घरच्यांनी पहिला अर्धाच भाग ऐकला आणि फोनवर सगळ्यांना तोच कळवला.

प्रयोगशाळेत एक तरुण डॉक्टरीण चरबी चिमटीत धरून चाचपू लागली. कडक दाणा लागला की ती ग्रंथी. सुजलेल्या, टपोऱ्या बहिणी आधी हाती लागल्या. नऊ मिळाल्या, आणि नऊही सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ निघाल्या. सूज नुसती पहाऱ्याच्या धावपळीची होती. मी लहान, चरबीत खोल. तिचं बोट दोनदा माझ्यावरून गेलं.

मोठे डॉक्टर म्हणाले, आता अहवाल देऊन टाक. कोणाकोणाच्या चरबीत कमीच मिळतात.

"बारा तरी तपासायला हव्यात, सर. सापडल्या नाहीत आणि नाहीतच, यात फरक आहे."

"मग शोध. पण नातेवाइकांचे फोन तूच घे."

तिने उरलेली चरबी द्रावणात भिजत घातली. चरबी काचेसारखी झाली आणि आम्ही चौघी पांढऱ्या ठिपक्यांसारख्या उघड्या पडल्या. तिघी स्वच्छ होत्या. मला मेणात बसवलं, पापुद्र्याएवढं कापलं, जांभळ्या-गुलाबी रंगात बुडवलं. तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

नऊवर थांबले असते तर आजाराचा टप्पा दुसरा ठरला असता, आणि सुतार शुभेच्छा घेऊन घरी गेला असता. माझ्यात सापडलेल्या पेशींमुळे तो तिसरा झाला, आणि औषध आलं.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला मुलीने आमचे काप चिकटवलेल्या काचा मागून आणल्या. तेही तेच म्हणाले. आता आम्ही तिच्या टेबलावर एका डबीत आहोत. काल सुताराने माझी काच खिडकीशी धरली.

"यात मी आहे?"

"तुमचा एवढासा तुकडा आहे, बाबा."

"आणि एवढ्याशासाठी सहा महिने औषध? गाठ काढली की त्यांनी. मला काही होत नाहीये आता."

बायको दारातून म्हणाली, "अहो, मलम लावून काही होत नाही म्हणत होतात तेव्हाच तर ही भरत होती."

त्याने काच डबीत ठेवली. जाईन म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. अंगठ्यावरचा भुसा पुसत राहिला.

माझ्यात अडकलेल्या पेशी त्या डॉक्टरिणीने पाहिल्या. माझ्या हातून निसटून पुढे किती गेल्या, ते कुठल्याच काचेवर दिसत नाही. मलाही ठाऊक नाही. सुतारदादा, त्या असतील तर आत्ता शांत बसल्या असतील, मी भरत होते तेव्हा जशी माझी तुम्हाला चाहूल नव्हती तशाच. औषधाला जा. त्यांना अडवायला त्या वाटेवर आता मी उभी नाही.