न ऐकलेला उतारा

भाचीची जीभ लहानपणापासून थांबत नसे, म्हणून घरात तिला सगळे टकळीच म्हणत. कॉलेजच्या अभिवाचन स्पर्धेसाठी उतारा निवडायची वेळ आली तेव्हा ती थेट मावशीकडे आली. मावशी ग्रंथपाल. तिनं पुस्तकांची चळतच पुढ्यात ठेवली. एका उताऱ्यात पात्रं इतकी, की ऐकणाऱ्याचा गोंधळ उडावा. दुसरा डोळ्यांना छान, पण तोंडात बसेना. तिसरा तर दरवर्षी कुणी ना कुणी वाचतंच.

"सर म्हणतात, परीक्षकांनी न ऐकलेलं आण. आतून आलेलं," टकळी वैतागली.

"आतलं सगळं वाचायचं नसतं गं," मावशी म्हणाली, आणि कसं कोण जाणे, बोलून गेली. तिची मुलगी मृतच जन्मली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण मावशीनं तिचं नाव ठेवलं होतं आणि एकटी असली की ती तिच्याशी बोलायची, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नवऱ्याला, म्हणजे काकांनासुद्धा नाही.

"काय नाव?"

मावशीनं नाव सांगितलं, आणि कपड्यांच्या घड्या घालताना तिच्याशी काय बोलते तेही. "तुझ्यापाशीच ठेव हं."

"गळ्याशप्पथ!"

स्पर्धेला मावशी आणि काका हौसेनं पुढच्या रांगेत बसले. टकळीनं सुरुवात केली, "कपड्यांच्या घड्या घालताना एक बाई बोलते..." मावशीला आधी भासच वाटला. मग तिचीच वाक्यं आली, तिच्या अडखळण्यासकट. शेवटी ते नाव. टाळ्यांचा कडकडाट झाला. काकांचे हात मांडीवरच राहिले.

"ही तूच ना?" त्यांनी हळूच विचारलं. "मला नाही सांगितलंस. हिला सांगितलंस?"



टकळी ढाल मिरवत आली. "पहिली आले! तुझं नाव कुठे घेतलं नाही हं मी."

"तिचं घेतलंस."

"ते बदललं असतं तर खोटं वाटलं असतं गं."

"मला विचारायचंस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणूनच विचारायचं असतं."

पुढच्या फेरीला दुसरा उतारा घे, असं मावशीनं बजावलं. टकळीनं मान डोलावली आणि तोच वाचला. मावशी गेलीच नव्हती. बहिणीनंच, टकळीच्या आईनं, फोनवर कौतुकानं सांगितलं, "अख्खा हॉल रडला बघ!"

मावशीनं फोन ठेवला. तिचा चेहरा बघून काका काय ते समजले. खुर्ची ओढून शेजारी बसले.

"काय बोलायचीस तिच्याशी? मला सांग ना."

तिनं तोंड उघडलं. शब्द आले, पण टकळीच्या सुरात, नेमक्या जागी थांबत, श्रोत्यांसाठी बसवलेले. तिचे स्वतःचे सापडेनात.

"आज नको," ती म्हणाली.