फुकट्या म्हणालास ना?

मी एक रेझिस्टर बोलतोय, विजेला अडवणारा. हातात घेता येईल असा नव्हे. अंधेरीच्या एका ऑफिसात, कॉम्प्युटरच्या पडद्यावर नागमोडी रेघेने काढलेला. आणि आधीच सांगून ठेवतो, मी कुणाला माफबिफ करणार नाही.

माझा जन्म अक्षताच्या हातून झाला. कानाच्या मशीनचं सर्किट ती पडद्यावर काढत होती. खरं मशीन बनवण्याआधी सर्किट कॉम्प्युटरमध्ये चालवून बघतात. कॉम्प्युटर प्रत्येक जोडाच्या व्होल्टेजचा अंदाज बांधतो, चुकला की सुधारतो, असं करत करत एका आकड्यावर ठरतो. दोन कपॅसिटरच्या मधला एक जोड मात्र ठरायलाच तयार नव्हता. कपॅसिटर एकाच दिशेने सतत वाहणारी वीज पलीकडे जाऊ देत नाहीत, त्यामुळे बिचाऱ्याला ग्राउंडकडे, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टेजकडे, जायला वाटच नव्हती. पक्का त्रिशंकू! अक्षताने त्याला ग्राउंडशी जोडायला मला बसवलं. माझा अडथळा शंभर कोटी ओहमचा, त्यामुळे माझ्यातून वीज जाते ती नावालाच. पण तेवढ्याने त्याचा जीव थाऱ्यावर आला आणि उत्तर मिळालं.

मग ग्राहकाला दाखवण्यासाठी फाईल नीटनेटकी करायचं काम शेजारच्या टेबलावरच्या शौनककडे गेलं.

"हा काय करतोय इथे? करंट तर झिरो. फुकट्या साला!" म्हणत त्याने मला पुसून टाकलं. अक्षताला विचारलंसुद्धा नाही.

पुसलेल्याला दिसत नाही असं वाटतं तुम्हाला? मी सगळं बघत होतो. सिम्युलेशन अडलं. एरर आली, तिच्यात त्या जोडाचं नावही होतं. पण एरर वाचेल तो माणूस कसला! शौनकने ती बघताक्षणी बंद केली. मग अचूकपणाची अट सैल केली, सुरुवातीचे आकडे मनाने भरले, शेवटी कॉम्प्युटरच बंद करून चालू केला. मला गुदगुल्या होत होत्या.

पण नंतर तो ऑफिसच्या प्रमुखांना, श्यामकांत सरांना म्हणाला, "सर, अक्षताचं ड्रॉइंगच गंडलंय." चोराच्या उलट्या बोंबा! सरांनी अक्षताला सुनावलं, "उद्या ग्राहकासमोर हे चाललं नाही, तर काम तुझ्याकडून काढून घेईन." तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

अक्षताने फाईल उघडली, एरर वाचली आणि माझी रिकामी जागा तिला दिसली.

"शौनक, इथला रेझिस्टर तू काढलास?"

"अगं, तो काही करत नव्हता यार. टाक ना परत."

"टाकते. आधी सरांना सांग, कोणी काढला ते."

"माझी वाट लागेल गं!"

"मग माझी लागू दे काय?"

तो चिडला आणि त्याने स्वतःच तिथे एक हजार ओहमचा बसवला. उत्तर आलं, पण एवढ्या कमी अडथळ्यातून सगळा आवाज ग्राउंडमध्ये गळून गेला. कानाचं मशीनच बहिरं! मी मनसोक्त हसलो.

उद्या ग्राहकापुढे बोलायचं होतं त्यालाच, आणि तो कबूल करेपर्यंत अक्षता मला बसवणार नव्हती. अडला हरी! शेवटी तो सरांपुढे उभा राहिला. "सर, ड्रॉइंग बरोबर होतं. मीच घोळ घातला."

सरांनी अक्षताला बोलावलं. मग म्हणाले, "अक्षता, उद्या ग्राहकाशी तू बोल. हा नुसता बाजूला बसेल."

अक्षताने मला परत बसवलं. तुम्हालाही कुणी बिनकामाचा वाटत असेल, तर खुशाल पुसा आणि मग बघा.

हल्ली शौनकचा माउस माझ्याजवळ आला की थबकतो. "अक्षता, याला हात लावू ना?" असं तो भर ऑफिसात विचारतो. विचारू दे. जन्मभर विचारायला लावीन.