लाडका गट

संगीत न ऐकलेल्या मुलांपेक्षा संगीत ऐकलेल्या मुलांना जास्त शब्द आठवले, तेव्हा प्रबंधाचं गाडं एकदाचं मार्गी लागलं म्हणून ती हरखून मार्गदर्शक बाईंकडे गेली.

“शब्द वाचले कुणी?” बाईंनी विचारलं.

“दोन्ही गटांना मीच.”

बाई पाठ फिरवून बसल्या. “कधी या, कधी त्या गटाला वाचलेस तसे वाच. गट कुठला, ते सांगू नकोस.”

तिने वाचलं. बाईंनी दर वेळी गट अचूक ओळखला. “लाडक्या गटाला किती गोंजारून वाचतेस गं!”

बाईंचे कान आहेत की तराजू! तिने आवाज एकदाच रेकॉर्ड केला, नव्या मुलांच्या दोन्ही गटांना तोच ऐकवला. फरक उरला, पण चिमूटभर.

“एवढासाच?” ती हिरमुसली.

“एवढासा, पण कुणाच्या बापाला खोडता येणार नाही,” बाई म्हणाल्या. “लिहायला बस.”