मागाखालून

माझ्या कॉम्प्युटरला मी म्हातारा म्हणते. एकोणीस वर्षांचा आहे, सुरू होताना कण्हतो, पण फ्लॉपी लिहितो. क्योतोच्या निशिजिन या विणकरपेठेतले आमचे जुने माग अजून फ्लॉपीच वाचतात, आणि नव्या कॉम्प्युटरला फ्लॉपी म्हणजे काय हेच ठाऊक नाही. मी चित्रावरून फ्लॉपीवर नक्षी बसवून द्यायची, विणकराने विणायची, असं आमचं काम.

यंदा व्यापाऱ्यांनी फर्मान काढलं, चित्रं नव्या सॉफ्टवेअरमध्येच येणार. दुरुस्तीवाला मुकाई तीन दिवस म्हाताऱ्याशी झटला.

"ताई, चढवलं एकदाचं," तो घाम पुसत म्हणाला. "फक्त कापडाची सुलट बाजू दाखवणारी खिडकी बंद केलीये. ती चालू ठेवली तर हा जागीच मान टाकेल."

"मला काय करायचीये खिडकी? तू गोट्या खेळत होतास तेव्हापासून नक्ष्या बसवतेय मी."

बोलून गेले. माझी जीभ अशीच आहे मेली.

आमच्याकडे कापड पालथं विणतात. सुलट बाजू खाली, विणकराला दिसते ती उलटी. म्हणून फ्लॉपी लिहिण्याआधी नक्षी उजवी-डावी फिरवून घ्यायची. हे शेवटचं काम अडतीस वर्षं माझा हात आपोआप करतो.

नव्या सॉफ्टवेअरवर किमोनोचे पहिले दोन कमरपट्टे शेवंतीचे काढले. शेवंती काय, इकडून पाहा नाहीतर तिकडून, सारखीच. तिसरं काम मात्र आमच्या देवळाचं होतं. उत्सवाच्या पालखीचा पडदा, त्यावर देवाचं चिन्ह, तीन थेंब डावीकडे गोल फिरणारे. उजवीकडे फिरणारे थेंब नदीपलीकडच्या पेठेचे. विणणार होते निशिगाकी काका, वय एकोणऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. हा पडदा झाला की माग मोडायचा, असं त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं. आयुष्यभर लोकांच्या कमरेला विणलं, शेवटचं एक देवाला.

काकांनी पडदा विणायला घेतल्याच्या चौदाव्या दिवशी सकाळी मी दुसऱ्याच एका पट्ट्याची फ्लॉपी लिहीत होते. चष्मा नवीन होता. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ दिसली: मागासाठी नक्षी उलटवली आहे.

म्हणजे हा स्वतःच फिरवतो? आणि आधी मीही फिरवते? दोनदा फिरवलं की नक्षी होती तिथेच! त्या खिडकीत पहिल्याच दिवशी दिसलं असतं.

काकांचं घर चार गल्ल्या पलीकडे. चपला उलटसुलट घालून निघाले. वाटेत सारखं मनाशी घोकत होते, त्या दिवशी मी फिरवायला विसरले असेन. देवा, एकदा तरी विसरलेली असू दे.

काका मागावर होते. मी वरून पाहिलं. थेंब डावीकडे फिरत होते. डावीकडे! हुश्श म्हटलं आणि दुसऱ्या क्षणी आठवलं. वर तर उलटी बाजू असते.

"काय गं तोकिए, धापा कसल्या टाकतेस? चहा घे."

मी जमिनीवर आडवी झाले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मागाखाली शिरले. टॉर्च लावला. सोनेरी, घट्ट, एक धागा इकडचा तिकडे नाही, असं सुंदर काम. आणि सगळे थेंब उजवीकडे.

बाहेर आले ती रडतच. "काका, मी माती केली. चिन्ह उलटं पडलंय."

त्यांनी पाय थांबवले. "हो ना," शांतपणे म्हणाले. "पहिल्याच दिवशी वाटलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"नक्षीवालीला विणकराने विचारायचं? असं कधी असतं का? आणि तू दिलेलं. म्हटलं, देवळानेच काही बदललं असेल. नाहीतर माझेच डोळे."

ओरडले असते तर बरं झालं असतं. आमच्या क्योतोत तोंडावर कोणी बोलत नाही. मीही कुणाला बोलू दिलं नाही, मुकाईलासुद्धा.

"उत्सवाला किती दिवस आहेत?" त्यांनी विचारलं.

"अठरा."

"मला सोळा लागतात. ताण्याचे उभे धागे पुरतील." त्यांनी कात्री काढून माझ्या हातात दिली. "विणलेलं मी नाही कापू शकत. तू काप."

मी कापलं. चौदा दिवसांचं काम मांडीएवढ्या गुंडाळीत मावलं. मग घरी पळत जाऊन मी नक्षी न फिरवता नवी फ्लॉपी लिहिली. हात दोनदा त्या बटणाकडे गेला, दोनदा मागे ओढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला थेंब विणून झाला. काकांनी बोलावणं धाडलं. मी पुन्हा मागाखाली शिरले, टॉर्च धरला, बोटाने वळण गिरवून पाहिलं, पुन्हा गिरवलं.

"डावीकडे, काका!" मी खालून ओरडले.

वर माग सुरू होईना. अडतीस वर्षांत त्यांनी मला कधी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

"नक्की ना, तोकिए?"