ब्रदरचा वजनकाटा

"हालेलुया! चारशे ग्रॅम वाढलं!"

ब्रदरने तबकडीवरचा पांढरा रुमाल ओढला आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रार्थनासभेचा हा हॉल फर्निचरच्या दुकानावरचा. समोर दीडदोनशे प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे स्टेजवर एक टेबल आणि टेबलावर गोल तबकडीचा, पारड्याचा वजनकाटा. दर रविवारी तिथे आयांची रांग लागायची. ब्रदर बाळाच्या कपाळाला तेल लावायचा, त्याला पारड्यात ठेवायचा, प्रार्थना म्हणायचा आणि मग रुमाल उचलायचा. प्रत्येक बाळाचं वजन वाढलेलं! कुणाचं शंभर ग्रॅम, कुणाचं चारशे. एकाही बाळाने आजवर ब्रदरला तोंडघशी पाडलं नव्हतं.

"डॉक्टर काय देतो? बिल!" ब्रदर माइकवर गरजला. "आणि डब्याचं दूध म्हणजे काय? प्रभूवरचा अविश्वास, तोही झाकण लावून! घरात पहिलं बाळ आलं, तर बापाचा त्या महिन्याचा पगार कुणाचा?"

"प्रभूचा!" हॉल ओरडला.

प्रभूचा पगार ब्रदरच्या बॅगेत जायचा. पण चमत्कार चालू असताना बॅगेकडे कोण बघतो?

रांगेत दोन महिन्यांचं बाळ घेऊन पार्सलवाली उभी होती. पार्सल कचेरीच्या काउंटरवर आठ वर्षं काम केल्याने सगळे तिला याच नावाने ओळखायचे. सध्या ती बाळंतपणाच्या बिनपगारी रजेवर होती. पुडकं नुसतं हातात घेऊन ती वजन सांगायची, आणि मग काटाही निमूटपणे तेच सांगायचा. तोच हात तिला तीन आठवडे ओरडून सांगत होता, की पोर हलकं होतंय. पण ब्रदरच्या काट्यावर पहिल्या रविवारी तीन किलो सातशे, दुसऱ्या रविवारी तीन आठशे आणि आज तीन नऊशे! जन्म काट्यावर गेलेली बाई ती, तिने काट्यावर विश्वास ठेवला आणि हाताला वेडा ठरवलं. दुसऱ्या कुणी बाळाच्या काटकुळ्या मांड्या पाहिल्या असत्या. हिने आकडा पाहिला.

"मला हा हलका लागतो रे," घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगून पाहिलं.

नवरा छापखान्यात होता. त्या महिन्याचं पगाराचं पाकीट त्याने न फोडताच ब्रदरच्या हातात ठेवलं होतं. त्यानंतर तिच्या रक्तवाढीच्या गोळ्या बंद झाल्या, बाळाला डॉक्टरने सांगितलेलं वरचं दूध बंद झालं आणि दोन्ही वेळा चहा-पाव सुरू झाला. चहा-पावावर आईला दूध कुठून येणार?

"अगं, बाळंतपणात तुझ्या हातातली ताकद गेली असेल," तो म्हणाला. "काटा खोटं बोलतो का? काट्याशी वाद घालू नका, असं आठ वर्षं तूच गिऱ्हाइकांना सांगत आलीस ना?"



गुरुवारी ती बाळाला कचेरीत घेऊन गेली. तिथली एक जुनी रीत होती. कुणाच्या घरी बाळ झालं, की त्याला आणून पार्सलच्या काट्यावर ठेवायचं, पावती काढायची, तिच्यावर 'नाजूक माल' असा शिक्का मारायचा आणि ती कपाटाच्या दारावर चिकटवायची. काउंटरच्या हेडबाई शिक्का हातात घेऊन तयारच होत्या.

"या साहेब! कुठे पाठवायचंय तुम्हाला?" म्हणत त्यांनी दुपटं काढून बाळाला काट्यावर ठेवलं. मग त्यांचं हसू मावळलं. "तीन किलो. अगं, जन्मला तेव्हा किती होता?"

"तीन दोनशे."

"म्हणजे दोन महिन्यांत घटला?"

"काटा बिघडलाय, हेडबाई. रविवारीच तीन नऊशे भरला होता."

"बिघडलाय? रोज सकाळी रिकामा काटा शून्यावर आहे का ते बघायचं आणि मगच खिडकी उघडायची, हे नव्या पोरींना कुणी शिकवलं? तूच ना?"

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ब्रदरचा काटा रिकामा असताना तिने कधी पाहिलाच नव्हता! बाळ पारड्यात गेल्यावर रुमाल उठायचा आणि बाळाला उचलायच्या आधी पुन्हा पडायचा.

हेडबाईंनी शिक्का टेबलावर टाकला आणि तिला रिक्षात कोंबून सरकारी दवाखान्यात नेलं.

"लघवीचा संसर्ग आहे, त्याचाच ताप आहे, आणि पोटही भरत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणखी आठवडा थांबला असतात, तर मी काही करू शकले नसते. तुमच्याही अंगात रक्त नाही. गोळ्या कुणी बंद केल्या?"

बाळाला सुई लागली, मापाने दूध सुरू झालं. शनिवारी त्याचा ताप उतरला, आणि खाटेशी उभा असलेला नवरा हात जोडून म्हणाला, "ब्रदरची प्रार्थनाच कामाला आली बघ. म्हणून तर वेळेवर कळलं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती एवढंच म्हणाली, "उद्या हॉलवर ये. पहिल्या रांगेत बस."

रविवारी बाळाजवळ हेडबाई बसल्या. पार्सलवालीने किराणा दुकानातून गव्हाच्या पिठाची तीन किलोची सीलबंद पिशवी घेतली, ती बाळाच्या दुपट्यात गुंडाळली, वर टोपरं घातलं आणि ती रांगेत उभी राहिली.

"याच बाळावर सैतानाने डाव टाकला होता!" नवऱ्याकडून तापाचं ऐकलेला ब्रदर ओरडला. "बघू दे त्याचं मुख!"

"आत्ताच झोपलंय, ब्रदर. उठलं तर हॉल डोक्यावर घेईल."

ब्रदरला टाळ्यांची घाई होती. त्याने टोपऱ्यालाच तेल फासलं, दुपटं पारड्यात ठेवलं, लांबलचक प्रार्थना म्हटली आणि रुमाल उचलला.

"चार किलो शंभर! एका आठवड्यात दोनशे ग्रॅम! दवाखान्याला जमलं असतं हे?"

टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली. मग तिने दुपटं सोडलं आणि पिशवी दोन्ही हातांनी उंच धरली.

"पीठ आहे. तीन किलो, वर छापलंय. दुपटं आणि टोपरं धरा शंभर ग्रॅम. ब्रदर, उरलेला एक किलो कुणाचा?"

ब्रदर रुमालाकडे झेपावला. पण आठ वर्षं दांडगी गिऱ्हाइकं आवरलेली बाई ती, तिने रुमाल आधीच मुठीत घेतला होता.

"सगळे पुढे या. पारडं रिकामं आहे. काटा बघा."

रिकाम्या पारड्याचा काटा एक किलोवर उभा होता.

"मागे हा स्क्रू आहे. याने काटा शून्यावर आणायचा असतो," तिने तो फिरवून दाखवला. "हा मात्र दर आठवड्याला काटा आणखी दोनशे ग्रॅम पुढे ढकलतो. प्रार्थनेत आपले डोळे मिटलेले असतात, आणि याची बोटं मागे असतात. पोर सुकलं तरी आकडा वाढतोच!"

"अविश्वासू बाईने काटा बिघडवला!" ब्रदर किंचाळला.

तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून एक बाई उठली. तिचं बाळ पंधरा दिवसांपूर्वी गेलं होतं. तुझा विश्वास कमी पडला, असं ब्रदरने याच माइकवरून सगळ्यांदेखत तिला सुनावलं होतं, आणि ती तो विश्वास वाढवायला न चुकता येत होती. ती स्टेजजवळ आली, तिने रिकामं पारडं हाताने दाबून पाहिलं आणि हळूच विचारलं, "मग माझ्या बाळाचं खरं वजन किती होतं?"

ब्रदरने माइक खाली ठेवला आणि बॅग जवळ ओढली.

पहिल्या रांगेतून नवरा उठला. तो ब्रदरच्या बॅगेकडे वळला नाही. त्याने एका आईच्या हातातली पिशवी घेतली, दुसरीला जिन्याकडे वाट करून दिली आणि म्हणाला, "चला, दवाखाना दाखवतो. आत्ताच चला."

त्या दुपारी दवाखान्याच्या काट्यावर अकरा बाळं चढली. त्यांतल्या चौघांचं वजन महिन्याभरात घटलेलं निघालं. चौघांच्याही आया त्या सकाळपर्यंत हॉलमध्ये टाळ्या वाजवत होत्या.

प्रार्थना जरूर करा, मन हलकं होतं. पण जो माणूस औषध थांबवतो आणि पुरावा रुमालाखाली ठेवतो, तो देवाचा नव्हे, तुमच्या भीतीचा धंदा करतो. असा कुणी तुमच्याकडे आला, तर त्याला रुमाल उचलायला सांगा. नाही उचलला, तर बाळाला घेऊन सरळ डॉक्टरकडे जा. त्याने देव रागावत नाही.