पाळण्याचा पंचनामा

वृषालीनं कॅसेटच्या दात्यात पेन्सिल घातली आणि बाहेर ओघळलेली फीत हळूहळू आत ओढायला लागली. काउंटरवर, तिच्या कोपराशी, शाईचा पॅड उघडा होता. तो तिनं उघडला नव्हता. 'सुरपर्ण' कंपनीच्या दळवींनी आल्या आल्या बॅगेतून काढून, झाकण उघडून, छबूबाईंच्या पुढ्यात सरकवला होता. पाहुण्यापुढं बडीशेपेची ताटली सरकवावी तसा.

छबूबाई स्टुलावर बसल्या होत्या. सकाळी गवार खुडून आल्या होत्या. नखं हिरवी होती.

"हे कशाला?"

"अंगठ्याला, मावशी. माफीनाम्यावर."

"मला सही येती. चौथी झालीय माजी." त्यांनी पदर सावरला. "पर सही बी करनार न्हाई, ते येगळं."

दारातल्या खुर्चीवर हवालदार सहादेव टोपी मांडीवर घेऊन बसले होते. ते मूळचे राजूरचे. बेलापुरात बदली होऊन त्यांना चार महिने झाले होते. त्यांना हसू आलं, ते त्यांनी टोपीकडं बघून संपवलं.

*

नोटीस, मुद्दा पहिला:

'...सदर पाळणागीत आमच्या कंपनीच्या गीतकारांनी सन १९९१ मध्ये रचलेले असून त्याचे सर्व हक्क आमचे आहेत. आपल्या दुकानात रेकॉर्ड झालेली सौ. छबूबाई यांची कॅसेट ही आमच्या गीताची नक्कल आहे. सात दिवसांत सर्व प्रती आमच्या हवाली कराव्यात, आणि हे गीत आपले नाही व आपण ते यापुढे कोठेही गाणार नाही, असे सदर बाईंनी लिहून द्यावे.'

आज आठवा दिवस होता.

*

दुकान काकासाहेबांचं. पुढं कॅसेटींची मांडणी, मागं गाद्या टांगून केलेली रेकॉर्डिंगची खोली. भारूडवाले, शाळेची समूहगीतं, जयंतीला गाणारी मंडळं, ज्याच्याकडं गळा आहे त्यानं यावं, गावं, कॅसेट करून न्यावी. पहिल्याच वर्षी भांडणं सुरू झाली. माझी चाल यानं चोरली, माझं कडवं त्यानं घेतलं. काकासाहेब वैतागले, तेव्हा वृषालीनं दोनशे पानी वही आणली आणि वर लिहिलं: तक्रारी. तेव्हापासून ते काम तिचं.

तिची पद्धत एकच होती. दोघांना समोरासमोर बसवायचं आणि दोघांनाही गाणं शेवटपर्यंत गायला लावायचं. चोरी सहसा पहिल्या कडव्यात सापडत नाही. उचललेलं गाणं शेवटाकडं जाऊन अडखळतं.

मुंबईची कंपनी अशी समोर येऊन बसेल, असं वहीला वाटलं नव्हतं.

"वृषाली, ते लिहून टाक ना," काकासाहेब हळू आवाजात म्हणाले. आठ दिवस ते हेच म्हणत होते. "मशीन उचलून नेलं तर दुकान म्हणून काय राहील? मावशींचं काय, त्या दुसरा पाळणा रचतील."

"रचीन की," छबूबाई म्हणाल्या. काकासाहेबांचा हळू आवाज दुकानभर ऐकू यायचा. "परवा देवळालीत सोनकांबळ्याच्या पोराचं बारसं हाय. तिथं हा नगं, दुसरा म्हन, म्हनून सांगू का त्या माऊलीला? पंचवीस वर्सं ज्याच्या त्याच्या पाळन्याखाली ह्योच गायलेय मी."

"पंचवीस वर्षांचा पुरावा काय?" दळवी म्हणाले. ते उर्मट नव्हते. रोज हेच विचारणाऱ्या माणसासारखं त्यांनी विचारलं. "कुठं छापलंय? नोंद? तारीख?"

छबूबाईंनी वृषालीकडं पाहिलं. वृषालीनं फीत आत ओढून संपवली आणि पेन्सिल कानामागं खोचली.

"हवालदारकाका, पंचनामा करणार ना?"

"सायेबांनी त्यासाठीच धाडलंय. आधी लिहून आन म्हनले, मग जप्तीचं बघू."

"मग दोन्ही कॅसेट वाजवायच्या. शेवटपर्यंत. आणि ऐकलं ते लिहायचं."

"वाजवा," दळवी म्हणाले. "मला तेच हवंय."

*

पंचनामा

आज रोजी दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी, मौजे बेलापूर येथे, कॅसेटच्या दुकानात, पंच क्र. १ समोरचे सायकल दुरुस्तीवाले, पंच क्र. २ बांगड्यांच्या दुकानातील बनुबाई, यांचे समक्ष

("नीट लिवा, माझं दुकान हाय, मी दुकानातली न्हाई," बनुबाई म्हणाल्या.)

दुकानाच्या मालकीण बनुबाई, यांचे समक्ष, प्रथम छबूबाई यांची कॅसेट वाजविण्यात आली.

*

छबूबाईंचा आवाज गादीच्या खोलीतला होता, थोडा दबलेला. मागं कुठंतरी एसटीचा हॉर्न. पाळण्याची तीन कडवी झाली. चौथं सुरू होताना 'बेलापूर' एवढा शब्द आला आणि खट् करून बटण वर आलं. फीत संपली होती.

मग दळवी उठून उभे राहिले.

"पाहिलंत? अर्धवट. आमचं गाणं पूर्ण आहे. ज्याचं असतं त्याच्याकडं पूर्ण असतं. नक्कल करणाऱ्याची फीत मध्येच संपते."

"फीत तीस मिनिटांचीच होती, पाळणा शेवटी घेतला," काकासाहेब कसेबसे म्हणाले. "मी म्हणालो होतो मावशींना, पुन्हा करू."

"म्याच नगं म्हनले," छबूबाई म्हणाल्या. "शेवटच्या कडव्यात ज्याच्या घरी पाळना हाय त्याचं नाव घालायचं असतं. बापाचं, आईचं, लेकराचं. कॅसेटीला कुठलं लेकरू? म्हनलं, तुटलं ते बरं झालं. ज्यानं त्यानं आपापल्या घरी पुढं गावं."

"गात्यात बी तसंच," बनुबाई म्हणाल्या. "माझ्या नातवाच्या वक्ताला खट् वाजलं की समद्या बाया एकदम सुरू झाल्या. टेपच्या वरताण."

"मावशी, हे ऐकायला छान आहे," दळवी म्हणाले. "पण हवालदारसाहेब, लिहा. त्यांचं गाणं अपूर्ण आढळलं."

सहादेवांनी लिहिलं. अपूर्ण आढळले.

"आनि लेकरू नसंल तवा?" त्यांनी मान वर न करता विचारलं. "म्हंजी मंडपात बिंडपात गाताना?"

"तवा ज्या लेकराच्या बारशाला पयल्यांदा रचलं, त्याचंच नाव. उगं खोटं नाव लावायचं न्हाई. मागल्या जयंतीला श्रीरामपुरात तसंच गायले." छबूबाई दळवींकडं बघत होत्या. "तवा एक जन इस्टेजच्या पायाशी टेपरेकॉर्डर घिऊन बसला हुता. म्हनलं बसूं दे, ऐकतोय बिचारा."

वृषालीनं दळवींची कॅसेट हातात घेतली. वेष्टणावर गुळगुळीत छपाई, कोपऱ्यात पिंपळाचं पान. ती कॅसेट आज पहिल्यांदाच दुकानात आली होती. शेवटचं कडवं ठेवलंय की कापलंय, हे वेष्टणावर लिहिलेलं नसतं. कापलं असेल तर मग पुढं काही नव्हतं. पॅड उघडाच होता.

तिनं कॅसेट घातली. बटण दाबलं.

*

द्वितीय, फिर्यादी कंपनीची कॅसेट वाजविण्यात आली.

बासऱ्या. पाणी पडल्यासारखा आवाज. मग गायिका, स्वच्छ, शिकलेली.

कडवे पहिले: सारखे.
कडवे दुसरे: सारखे.
कडवे तिसरे: सारखे. ('कुंची'ऐवजी 'टोपी' असे ऐकू आले.)

("टोपी," बनुबाई म्हणाल्या. "बारशाला.")

कडवे चौथे

*

चौथं कडवं येण्याआधी बासरीचा लांब तुकडा होता. तो संपला आणि फक्त तबला उरला. वृषालीचा हात यंत्रावरच होता. संपलं असावं, असं वाटण्याइतका वेळ गेला.

मग गायिकेनं श्वास घेतला.

*बेलापूर गावी, रंभाजीच्या घरी,*
*गीताच्या लेकीला निळी टोपी शिरी;*
*आई म्हणे, हिचं नाव वृषाली गं,*
*मोठी झाली म्हणजे जाब मागील गं.*

खट्.

"पाहा," दळवी म्हणाले, "संपूर्ण."

छबूबाई हसल्या नाहीत. "छबू म्हने, असं हाय ते," त्या म्हणाल्या. "माजं नाव तेवढं उपटलं. बाकी घर तसंच ठिवलं."

"नावं काय, मावशी, कवीची कल्पना. गीतकारांनी घातलेली पात्रं ती."

"आनि बेलापूर?"

"बेलापूर आमच्याकडंही आहे. खाडीजवळ. स्टेशन आहे मोठं."

"आसंल. तिथं रंभाजी हाय का?"

दळवींनी घड्याळाकडं पाहिलं. "हवालदारसाहेब, दुकानाच्या माणसांचे जबाब घ्या, म्हणजे मला दोनची गाडी मिळेल."

सहादेवांनी कोरा कागद काढला, कार्बन घातला, कडा जुळवल्या.

"या बाई, तुमच्यापासून. नाव सांगा. पूर्ण."

वृषालीनं कानामागची पेन्सिल काढून काउंटरवर ठेवली.

"वृषाली रंभाजी पगारे."

पेन 'वृषाली'वरून पुढं गेलं, 'रंभाजी'च्या अनुस्वारापर्यंत आलं आणि थांबलं. सहादेवांनी आधी कागदाकडं, मग यंत्राकडं, मग तिच्याकडं पाहिलं.

"वय?"

"चोवीस."

"आईचं नाव? म्हंजी तसा रकाना न्हाई हिथं. पर सांगा."

"गीताबाई."

"रहानार?"

"बेलापूर. खाडीजवळचं नाही."

सायकलवाल्यानं तोंडावर पंचा धरला. काकासाहेब हिच्या हजेरीवर पाच वर्षं हेच नाव लिहीत होते. ते आत्ता दुसऱ्या स्टुलावर बसले.

"योगायोग आहे," दळवी म्हणाले. आवाज तसाच होता, फक्त एक पट्टी वर. "आणि ही दुकानातलीच मुलगी. हितसंबंध आहेत."

"आहेत," वृषाली म्हणाली. ती खाली वाकली, तक्रारींच्या वहीतून घडी घातलेला कागद काढून तिनं सहादेवांपुढं ठेवला. "माझा शाळा सोडल्याचा दाखला. नाव, बापाचं नाव, जन्मगाव, जन्मतारीख. एकोणीसशे एक्काहत्तर. वडलांना बहीण नव्हती, म्हणून आत्याच्या जागी छबूआत्यानं माझ्या कानात नाव सांगितलं. ते त्यांच्या गीतकारांना वीस वर्षांनी सुचलं असेल, तर त्यांनी तसं शपथेवर लिहून द्यावं. मी या वहीत चिकटवीन."

"दाखला आधीपास्नं काढून ठिवला हुता व्हय?" सहादेवांनी विचारलं.

"नोटीस आली त्या दिवशी. त्यांनी शेवट कापला असता, तर तसाच वहीत राहिला असता."

सहादेवांनी दाखला दोनदा वाचला. मग जबाबाच्या कागदावर, कार्बनवर दाबून, सावकाश लिहायला सुरुवात केली.

"थांबा," दळवी म्हणाले. "पंचनामा राहू द्या. मी हेड ऑफिसशी बोलतो. माझी कॅसेट द्या."

"ती आता मुद्देमाल हाय, सायेब."

"माझी आहे ती."

"तुमचीच. तसंच लिवलंय. फिर्यादीकडून ताब्यात घेतली." सहादेवांनी हात पुढं केला, वृषालीनं यंत्रातून कॅसेट काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती पाकिटात घातली, वर लाख लावण्याची जागा बोटानं चाचपली. "पंचांनी ऐकलेलं आता कसं पुसायचं?"

*

नोटीस, मुद्दा दुसरा:

'...शिवाय आपल्या कॅसेटच्या लेबलवर पिंपळाचे पान छापलेले आहे. पिंपळपान हे आमच्या कंपनीचे व्यापारचिन्ह आहे.'

*

"ह्ये ऱ्हायलं की," सहादेव म्हणाले. "पान."

"पान आमचंच आहे," दळवी म्हणाले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात जीव आला. "त्याची नोंद आहे. तारखेसह. दाखवू शकतो."

सगळ्यांनी मांडणीकडं पाहिलं. छबूबाईंच्या अठरा कॅसेटी उरल्या होत्या. प्रत्येकीवर हिरव्या शाईत एक वाकडंतिकडं पान. बुद्धविहाराच्या दारावर आहे, तिथूनच कागद ठेवून उतरवलेलं.

"पिंपळाला इचारलं का?" छबूबाई म्हणाल्या.

काकासाहेब उठले. "पान काढून टाकू, मावशी. उगाच कशाला. नवीन लेबलं छापायला टाकतो श्रीरामपूरला. काय काढायचं सांगा चित्र."

"छापायला नगं."

छबूबाईंनी उघडा पॅड जवळ ओढला. सकाळपासूनचा तसाच होता. वरची शाई थोडी सुकली होती. त्यांनी उजवा अंगठा त्यात रोवला, चांगला आडवा-उभा फिरवला, आणि वृषालीनं पुढं केलेल्या पहिल्या कॅसेटवर, बरोबर पानावर, दाबला. उचलला. पान गेलं. त्याजागी जांभळ्या रेषांचं बारीक वर्तुळ राहिलं.

त्यांनी ते दळवींच्या डोळ्यांपुढं धरलं.

"ह्ये कुनाच्या नोंदीत हाय का बघा."

दुसरी कॅसेट. तिसरी. वृषाली एकेक पुढं सरकवत होती, ठसा उमटलेली उन्हाच्या पट्ट्यात वाळत ठेवत होती. सहादेवांनी पंचनाम्याचं पान उलटलं आणि ते मोजत राहिले. बाराव्याला शाई फिकी पडली. वृषालीनं पेल्यातल्या पाण्याचे दोन थेंब पॅडवर सोडले.

दळवी बॅग बंद करून दारात उभे होते. दोनची गाडी चुकायला वीस मिनिटं होती.

"पॅड माझा आहे," ते म्हणाले.

"व्हय, त्यो तुमचाच," छबूबाई म्हणाल्या आणि तेराव्या कॅसेटसाठी हात पुढं केला. "झालं की देते."