आत्याकडे शहाणी

माझी भिंगरी आठ वर्षांची आहे आणि ती मला मारते. मोज्याची शिवण टोचली, पेन्सिलीचं टोक मोडलं, एवढं पुरतं. मग ताटली, चप्पल, हाताला लागेल ते अंगावर येतं आणि शेवटी ती स्वतः येते. मी घरीच शिवणकाम करते. कात्र्या, टाचण्या पत्र्याच्या पेटीत कुलूपबंद, किल्ली माझ्या गळ्यात. गिऱ्हाइकं हातावरचे वळ बघून विचारतात, इस्त्रीनं भाजलं का? मी हो म्हणते.

हे सगळं फक्त माझ्या वाट्याला. शनिवार-रविवार ती आत्याकडे जाते आणि तिथे म्हणे गरीब गाय असते. नणंदबाई तिला सोडायला आल्या की दारातच कौतुक सुरू: हूं की चूं नाही, पसारा आवरला, ताट उचललं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. नऊ महिने पोटात मी वागवली आणि शहाणपण त्यांना दाखवतेय! त्या तिचे फ्रॉक धुऊन, इस्त्री करून पाठवायच्या. मी त्यांची घडीसुद्धा न मोडता पुढच्या शनिवारी तसेच परत पाठवत असे. नवरा म्हणायचा, ताईकडून शीक काहीतरी.

शिकले. सांगायला लाज वाटते. नणंदबाईंचे गाऊन मीच शिवते. त्यांच्या निळ्या गाऊनचं कापड उरलं होतं, त्यात मी तसाच एक स्वतःला शिवला. तोच गोल गळा, तोच खिसा. सोमवारी भिंगरी शाळेतून आली तेव्हा तो घालून, त्यांच्यासारखा मऊ आवाज काढून म्हणाले, "आलीस का, राणी?"

पोरीनं मला नखशिखान्त पाहिलं. मग जे झालं ते त्या वर्षातलं सगळ्यात वाईट. बाही खांद्यापासून फाटली, माझा ओठ सुजला. भिंगरीच्या डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं तसं मी तिला मागून मिठीत धरून भिंतीला टेकून बसले, तिचं डोकं हनुवटीवर आदळू नये म्हणून मान वळवून. पाऊण तासानं ती सैल पडली.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं विषय काढला. काही महिने तिला ताईकडेच ठेवू, ताई तयार आहे. मी म्हटलं, असणारच, मूलबाळ नाही, आयती लेक मिळतेय. नवरा ताटावरून उठला. पण सुजलेला ओठ घेऊन मी काय वाद घालणार? येत्या शनिवारी मोठी बॅग द्यायची ठरली.

बॅग भरताना पहिल्यांदा त्या फ्रॉकच्या घड्या मोडल्या. कापडातलं मला कुणी शिकवू नये. बाहेरून इस्त्री कडक, आतून प्रत्येकाची खालची दुमड चावून चावून चोथा झालेली. घरात घालायच्या फ्रॉकच्या दुमडी शाबूत होत्या.

शनिवारी मीही गेले. भिंगरी आतल्या खोलीत चित्र काढत बसली. मी बॅगेतून एक फ्रॉक काढून, उलटा करून नणंदबाईंपुढे धरला. आता यांची चांगली जिरवते, असं मनात होतं. विचारलं, "कसला धाक घालता तुम्ही हिला?"

त्यांनी ती दुमड बोटांनी चाचपली. म्हणाल्या, धाक कसला, उलट चिडावी म्हणून मीच तिचे रंग लपवून ठेवले होते, तर नुसती मान हलवून गप्प बसली.

"पाणीसुद्धा विचारून पिते गं. वर्ष झालं, पाहुणीसारखी वागते. तुला मारते तसं मला एकदा तरी..."

तेवढ्यात भिंगरी दारात आली. उघड्या बॅगेत आपले सगळे कपडे पाहिले. फ्रॉकची दुमड तोंडात धरूनच तिनं अगदी हळू विचारलं, "आत्या, मी कुठे झोपायचं?"

मी म्हटलं, "इथे नाही. घरी चल."

एक बूट माझ्या खांद्यावर येऊन आपटला. मग ती आली, डोकं खाली घालून, दोन्ही मुठींनी. "मोठी बॅग का भरलीस? का भरलीस?" मी तिला धरून तिथेच फरशीवर बसकण मारली. मान वळवायची राहिली आणि ओठ पुन्हा फुटला.

नणंदबाई भिंतीपाशी उभ्या राहून बघत होत्या. माझ्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं आणि त्यांना माझा हेवा वाटत होता.